पगार सगळा पाळणाघरातच जातो, मग नोकरी सोडू का?

नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळ राहणाऱ्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगा सव्वातीन वर्षांचा, मुलगी नऊ महिन्यांची. नवरा अंबडच्या कारखान्यात शिफ्टमध्ये. ती स्वतः त्याच औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या एका कंपनीच्या डिस्पॅचला, तिथे सगळे मिळून साठ-सत्तर जण. हातात साडेसोळा हजार येतात. सासूबाई निफाडकडे, गावी. मुलासाठी पाहिलेल्या इंग्रजी प्रीस्कूलची फी वर्षाला ४८ हजार, म्हणजे महिना चार हजार. व्हॅनचे बाराशे. शिवाय दोघांना दिवसभर ठेवायचे साडेदहा हजार. "माझ्या पगारातले आठशे रुपये उरतात. त्यापेक्षा घरीच बसलेलं काय वाईट? आणि आत्ता नर्सरी केली नाही तर पुढे पहिलीत घेतील का?"

ताई, मी सिडकोच्या पाचव्या स्कीममध्ये बावीस वर्षं पाळणाघर चालवते. त्याआधी सहा वर्षं बालवाडीवर होते. तुमचा हा आठशे रुपयांचा हिशेब माझ्या ओट्यावर बसून कितीतरी जणींनी मांडलाय, कोणाचे तीनशे उरतात, कोणाचे उलट पदरचे जातात. बेरीज-वजाबाकी बरोबर असते. चुकतं ते एवढंच, की वजाबाकी तुमच्या एकटीच्या पगारातून का? घरभाडं नवऱ्याच्या पगारातून वजा करून "मग मी कामाला कशाला जाऊ" असं कुठलाच बाप म्हणत नाही. मुलं दोघांची, तर खर्च दोघांच्या पगारांच्या बेरजेतून काढा. शिवाय हातात येतं तेवढाच पगार नसतो. कंपनी तुमच्या नावावर पीएफ भरते. पगार २१ हजारांच्या आत आहे म्हणजे ईएसआयमध्ये, कामगार विम्यात, तुमच्यासोबत मुलांचाही दवाखाना धरलेला असतो. पाच वर्षं घरी बसून पुन्हा अंबडमध्ये काम मागायला गेलेल्या बायका मी पाहिल्यात. त्यांना नव्या मुलीच्या पगारावर घेतात, वर ऐकवतात की मध्ये गॅप आहे.

म्हणून मी नोकरी सोडा म्हणणार नाही. आधी खर्च फोडून बघू.

तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरल्या आहेत, सांभाळणं आणि शिकवणं. प्रीस्कूल नऊ ते बारा. तुमची ड्यूटी साडेआठ ते सव्वापाच. म्हणजे चार हजार भरून तुमच्या पावणेनऊ तासांतले तीनच तास भागतात, आणि त्या तीन तासांसाठी बाराशेची व्हॅन लागते, कारण बारा वाजता मुलाला आणणार कोण? त्यात दिवाळीची सुट्टी, मे महिना पूर्ण बंद. कंपनी मे महिन्यात बंद नसते. माझ्याकडे दर एप्रिलच्या शेवटी फोन सुरू होतात, "ताई, फक्त महिनाभर ठेवाल का?" तर ज्याची खरी गरज आहे ते सांभाळणं. पैसा तिथे घाला. शिकवण्याचं या वयात बरंच स्वस्तात होतं, काही ठिकाणी फुकटही. त्याकडे येतेच.

पाळणाघर महाग का, ते आतून सांगते. माझ्याकडे दोन खोल्या आणि ओटा, घर स्वतःचं म्हणून भाडं नाही. बारा मुलं, त्यापेक्षा एक जास्त घेत नाही. त्यातली तान्ही तीनच, कारण एका बाईच्या दोन हातांत तीनपेक्षा जास्त तान्ही मावत नाहीत, कोणी काहीही सांगो. दोन मावशी, दोघींना दहा-दहा हजार. दूध, गॅस, वीज, साबण-फिनेल, चादरी धुणं मिळून सहा-सात हजार. बारा मुलांचे सरासरी साडेतीन हजार धरले तर बेचाळीस हजार येतात, तेही सगळ्यांनी वेळेवर दिले तर. "या महिन्यात आठ दिवस गावी होतो, कमी घ्या ना" हे ठरलेलंच. मावशीचा पगार मी आठ दिवसांनी कापू शकत नाही. माझं घर भाड्याचं असतं तर हे चाललंच नसतं.

त्यामुळे कोणी तुम्हाला दीड हजारात दिवसभर ठेवते म्हणाली, तर आनंद व्हायच्या आधी आत किती डोकी आहेत ती मोजा. बाईनं पगार काढायचा तर तिला मुलंच वाढवावी लागतात. दुसरा मार्ग म्हणजे तिच्या मागे सरकार किंवा कंपनी उभी हवी. हे काम माणसांनी करायचं आहे, ते स्वस्त होत नाही. ते कोणाच्या खिशातून जातं एवढंच बदलतं.

सरकारच्या खिशातलं पहिलं ठिकाण अंगणवाडी. तुम्ही अंगणवाडीचं नावही लिहिलं नाही, आणि मला माहीत आहे का. फ्लॅटमधल्या लोकांना ती आपली वाटत नाही. १९७५ मध्ये २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हापासून तीन ते सहा वयाचं शिक्षण हा तिचा भाग आहे, आणि तिथे दारिद्र्यरेषेची अट नाही. नाशिक शहरात काही अंगणवाड्या या योजनेतल्या आहेत, काही महापालिकेच्या. तुमच्या घराजवळ कुठली येते ते विचारायला दुकानदार पुरे. मुलाला तिथे गरम ताजा आहार मिळतो, दिवसाला किती कॅलरी आणि किती प्रथिनं याचं माप ठरलेलं आहे. मुलगी अजून तीन वर्षांची नाही, पण तिचंही नाव घाला. तिला घरी न्यायचा आहार मिळतो, वजन-उंची नोंदली जाते, लसीकरणाची आठवण होते. पाळणाघरात ठेवलं तरी नाव घालता येतं.

गेल्या जूनमध्ये अशाच एका आईला मी स्वतः अंगणवाडीत घेऊन गेले. दहा बाय बाराची भाड्याची खोली, कोपऱ्यात तांदळाच्या गोण्या, वर फरफर करणारा पंखा. तिचा चेहरा पडला. पण आम्ही तासभर बसलो. सेविकेनं डब्यातले चिंचोके काढले, प्रत्येकापुढे बाटल्यांची पाच झाकणं मांडली, प्रत्येक झाकणात पाच चिंचोके. एका चार वर्षांच्या पठ्ठ्यानं सगळे बरोबर मोजून ठेवले आणि उरलेला एक उचलून नाकाकडे नेला. सेविका जागची न हलता म्हणाली, "नाकात किती मावतात रे?" तो थांबला. सगळी पोरं ओरडली, "शून्य!" त्या खोलीत शून्य शिकवून झालं. हेच चिंचोके, खडे, पानं घेऊन ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी आधी बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांना शिकवलं. बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली, तिचं नाव अंगणवाडी. या वयाच्या मुलाला लागतं ते हेच, मोजणं, गाणी, मातीत हात, गोष्ट ऐकणं, दुसऱ्याच्या हातातलं न हिसकावणं. प्लॅस्टिकची घसरगुंडी आणि पदवीदान समारंभाचा काळा झगा नसला तरी काही अडत नाही.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर उद्या मलाच शिव्या द्याल. सगळ्या सेविका अशा नसतात, आणि ज्या असतात त्यांनाही शिकवायला वेळ उरत नाही. पोषण ट्रॅकर या सरकारी अॅपवर फोटो, नोंदी, सर्व्हे. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्जही त्यांच्याच गळ्यात होते. मानधनासाठी त्या संपावर जातात, २०२३ च्या डिसेंबरात सुरू झालेला संप पन्नास दिवसांच्या वर चालला, आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं. पण तेवढे दिवस मुलं घरी. आणि मुख्य म्हणजे अंगणवाडी दुपारी सुटते. म्हणून तिच्यावर पूर्ण दिवस काढता येत नाही. ती प्रीस्कूलची जागा घेऊ शकते, पाळणाघराची नाही.

तिथे एक फट उघडते आहे. केंद्राची "पाळणा" योजना २०२२ पासून मिशन शक्तीमध्ये आहे, तिच्यात अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर चालवायची सोय आहे, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. तुमच्या भागात आहे का हे सेविकेला नाही, तिच्या वरच्या मुख्यसेविकेला किंवा बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याला विचारा. नसेल तर पाच-सात आयांनी सह्या करून लेखी मागा. तोंडी मागणीची कुठे नोंद राहत नाही.

अंगणवाडी मनाला पटलीच नाही तर मधली पायरी आहे. गोखले एज्युकेशन सोसायटी, नाशिक एज्युकेशन सोसायटी, मविप्र (मराठा विद्या प्रसारक) यांसारख्या जुन्या संस्थांची बालक मंदिरं, शिशुवर्ग. मराठी माध्यम, पटांगण, अनुभवी बाई, आणि फी ब्रँडवाल्या प्रीस्कूलपेक्षा पुष्कळ कमी. मला विचाराल तर पहिल्या भाषेत तीन वर्षं घट्ट गेलेलं मूल पुढे इंग्रजीही लवकर उचलतं. हे माझ्या डोळ्यांसमोर मोठी झालेली मुलं बघून सांगते, ज्यांना पटणार नाही त्यांच्याशी मी भांडत नाही.

आता तुमची कंपनी. साठ-सत्तर जण आहेत असं तुम्ही सहज लिहून गेलात, पण तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीपासून नियम असा आहे की ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायला हवं. त्यात पन्नास बायका असं नाही म्हटलेलं, पन्नास कर्मचारी म्हटलंय. आपल्याकडे मालकाला, एचआरला, बऱ्याचदा बायकांनाही वाटतं की बायका कमी आहेत म्हणजे लागू नाही. पाळणाघर कंपनीच्या आवारातच हवं असंही नाही, दोन-चार युनिटांनी मिळून जवळपास केलं तरी चालतं.

पण उद्या सकाळी एकटीनं जाऊन कायदा दाखवू नका. तान्ह्या मुलीची आई, नुकतीच रजेवरून परतलेली, तिनं एकटीनं मागणी केली की तिच्या पुढच्या प्रत्येक उशिराची नोंद व्हायला लागते. आधी लहान मुलं असलेले बापही गोळा करा. बाप सही करतो तेव्हा कागदाचं वजन बदलतं, वाईट वाटतं पण आहे तसं आहे. आणि मागणी पूर्ण पाळणाघराची न करता आधी जवळच्या पाळणाघराशी कंपनीनं ठराव करावा आणि काही वाटा उचलावा, अशी करा. सातपूरकडच्या एका छोट्या युनिटनं माझ्या ओळखीच्या पाळणाघराला चार मुलांची अर्धी फी द्यायला सुरुवात केली ती अशाच एका कागदावरून. मालक काही दानशूर नव्हता. दोन चांगल्या ऑपरेटर बायका सोडून जाणार होत्या.

(बांधकामावरच्या बायकांसाठी १९९६ च्या कायद्यातही होतं, पन्नासपेक्षा जास्त महिला कामगार असतील तर साइटवर पाळणाघर. कुंभमेळ्याची इतकी कामं निघालीत, एखाद्या साइटवर पाळणा दिसला तर मला जरूर सांगा. मला तरी वाळूच्या ढिगावर खेळणारी पोरंच दिसतात.)

सासूबाईंचं तुम्ही एकाच वाक्यात संपवलंत, "त्या येत नाहीत." येणार कशा? जानेवारी ते एप्रिल द्राक्षं, मग कांदा. आणि आजी फुकट असते हा आपला मोठा गैरसमज. नऊ महिन्यांच्या रांगणाऱ्या पोरीमागे दिवसभर धावायला साठीतले गुडघे पुरत नाहीत. आजीला पूर्ण दिवसाचं काम देऊ नका. सुट्ट्यांचं द्या. मे महिना, दिवाळी, पोरं तापानं फणफणलेली असतील ते चार दिवस. तेवढ्यासाठी निफाडहून एसटी आहेच.

मुलीसाठी मी डे-केअर सेंटरपेक्षा घरगुती पाळणाघर बघेन. तीन-चार मुलं ठेवणारी एखादी काकू, शक्यतो तुमच्या इमारतीपासून चालत अंतरावर, म्हणजे अंगणवाडी सुटल्यावर मुलालाही तीच आणेल. दोघांचे मिळून सात-आठ हजारांत जमायला हरकत नाही. ठरवताना वहीच्या पानावर लिहून घ्या, वेळ किती ते किती, उशीर झाला तर किती, तिची स्वतःची सुट्टी कधी, ती आजारी पडली तर काय, खाडे कापायचे की नाही. ओळखीच्यांत लिहायला लाज वाटते आणि मग तिसऱ्या महिन्यात भांडण होतं.

जागा बघायला सकाळी जाऊ नका. सकाळी सगळ्यांचंच घर आवरलेलं असतं. दुपारी दोनला, न सांगता जा. तेव्हा मुलं झोपलेली असतात, आणि खरं पाळणाघर तेव्हा दिसतं. सगळीच्या सगळी गाढ झोपलेली असतील तर मला शंका येते. बारा मुलांत एखाद-दुसरं कुरबुरतंच, त्याच्याजवळ कोणीतरी बसलेलं हवं. टीव्ही चालू आहे का? मोरीच्या दाराला कडी आहे का, बादली भरलेली उघडी आहे का? नऊ महिन्यांच्या बाळाला बुडायला अर्धी बादलीही पुरते. मावशीला मुलाचं नाव विचारा, मालकिणीला नाही.

आणि एक प्रश्न नक्की विचारा, "गेल्या वर्षात काय चुकलं?" काहीच चुकलं नाही म्हणाली तर उठा. माझंच सांगते. अकरा वर्षांपूर्वी माझ्याकडचा एक अडीच वर्षांचा मुलगा दार उघडं राहिलं म्हणून बाहेर पडला. दूधवाला आला होता, कडी मीच लावायची विसरले. चौथ्या घरासमोर, किराणा दुकानाच्या पायरीवर बसून तो गोळीचा कागद चोखत होता. सात-आठ मिनिटं गेली असतील. त्याच्या आईला मी संध्याकाळी सगळं सांगितलं. तिनं दुसऱ्या दिवशी मुलाला आणलं नाही, तिसऱ्या दिवशी आणलं. तेव्हापासून माझ्या दाराला माझ्या डोक्याच्या उंचीवर दुसरी कडी आहे आणि दूधवाला ओट्याच्या खालीच दूध देतो.

नर्सरी नाही केली तर पहिलीत घेतील का, याचं उत्तर एका ओळीचं आहे: पहिलीसाठी केजीचा दाखला कायद्यानं लागत नाही, वय लागतं. ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण हवीत. मुलाची किंवा तुमची मुलाखत घेऊन प्रवेश ठरवायलाही शिक्षण हक्क कायद्यात मनाई आहे. तरी शाळा आपल्याच केजीतली मुलं पुढे ढकलतात आणि बाहेरच्याला "जागा नाही" म्हणतात, हे होतं. म्हणून आत्ताची शाळा निवडायच्या आधी तिची पहिलीची आणि पाचवीची फी विचारा. तीन वर्षं ४८ हजार भरून पहिलीला लाखाचा आकडा ऐकून रडणारे बाप मी बघितलेत. शिक्षण हक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के राखीव जागांचा अर्ज पहिलीच्या वेळी नक्की भरा. आर्थिक दुर्बल गटासाठी वर्षाचं एक लाखाच्या आतलं उत्पन्न लागतं, त्यात तुम्ही दोघं बसणार नाही, पण अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी अशा गटांत असाल तर उत्पन्नाची अट नाही. नंबर सोडतीनं लागतो.

खासगी प्रीस्कूल काढायला पहिलीच्या शाळेसारखी मान्यता लागत नाही, त्यामुळे बंगला भाड्यानं घेतला, भिंतीवर जिराफ रंगवला की झालं. २०२५ मध्ये शिक्षण विभागानं या वर्गांना पोर्टलवर माहिती नोंदवायला सांगितलं. ती नोंदणी झाली का हे विचारा, पण नोंदणी म्हणजे दर्जा नव्हे. तरीही प्रीस्कूलच हवं असेल तर फीची पावती ट्यूशन फी म्हणून वेगळी घ्या. जुन्या करपद्धतीत असाल तर दोन मुलांपर्यंत ती दीड लाखाच्या वजावटीत बसते. तुमच्या पगाराला कर लागत नाही, नवऱ्याचा लागत असेल तर.

तर तुमचा हिशेब मी असा मांडते. मुलगा अंगणवाडीत किंवा बालक मंदिरात, शून्य ते हजार रुपये. दोघं काकूंकडे, आठ हजार. वरचा खाऊ-दूध हजार. दहा हजारांच्या आत. दोघांच्या पगाराच्या बेरजेतून. नवरा फर्स्ट शिफ्टला असेल त्या आठवड्यात साडेतीनला सुटतो, चारला मुलं त्यानंच घ्यायची. काकूंनाही सांगून ठेवा की बाप येणार आहे, नाहीतर त्या तुम्हालाच फोन करत बसतील.

मुलीला सोमवारपासून एकदम नऊ तास ठेवू नका. आधीच्या गुरुवारी तासभर, तुम्ही तिथेच बसून. शुक्रवारी दोन तास, तुम्ही बाहेर ओट्यावर. शनिवारी तुमची सुट्टी असेल तर जेवण आणि झोप तिथेच होऊ दे. तिच्याबरोबर तुमची न धुतलेली ओढणी द्या, वासासाठी. वाटी-चमच्यानं पाजायची सवय आत्तापासून लावा. पहिले दहा-बारा दिवस रडेल, तुम्ही गेल्यावर पंधरा मिनिटांत थांबते का ते काकूंना विचारा. तिसऱ्या आठवड्यातही दुपारचं दूध घेत नसेल तर मला कळवा, मग वेगळं काहीतरी बघू.